भांडणाचे सण

श्रावण लागला की सणांची रांग सुरू होते. नागपंचमी येते. नारळी पौर्णिमा येते. गोकुळाष्टमी येते. मग पोळा येतो. त्याच्या मागोमाग भादव्यात गणपती आणि गौरी येतात. हे सण आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहेत. त्यांच्याबद्दल नवे काय सांगायचे?

पण बंधू-भगिनींनो, याच दिवसांत काही आगळे सण होतात. एका ठिकाणी बाया ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या देतात. तो सण! एका शहरात रोगराईचा पुतळा करतात, त्याची मिरवणूक काढतात आणि त्याला जाळून टाकतात. तोही सण! एका बेटावर झेंड्यांवरून खोटी खोटी लढाई होते. आणि एका नदीत खरे दगड मारतात. डोकी फुटतात. रक्त वाहते. त्यालाही सणच म्हणतात!

हे सारे भांडणाचे सण आहेत. आज आपण त्यांची माहिती घेऊ. माहिती घेता घेता एका प्रश्नाचा विचार करू. भांडण कोणाच्या घरी नसते? कोणत्या गावात नसते? पण भांडण कसे करावे, म्हणजे गाव मोडणार नाही?

हे सण याच दिवसांत का येतात?

श्रावण-भादव्यात पेरणी झालेली असते. निंदणी-खुरपणी उरकत आलेली असते. पीक शेतात उभे असते. कापणीला अजून अवकाश असतो. हाताला थोडी उसंत मिळते. म्हणून या दिवसांत सण पुष्कळ.

पण हे दिवस तसे सोपे नसतात. कणगीतले जुने धान्य तळाला गेलेले असते. नवे धान्य अजून घरात आलेले नसते. दाराशी चिखल असतो. घरात कोणाला ना कोणाला ताप असतो, खोकला असतो. माणसे चिडचिडी होतात. ‘तू माझा बांध कोरलास,’ ‘तुझी म्हैस माझ्या पिकात शिरली,’ अशा तक्रारी याच दिवसांत निघतात.

म्हणजे हाताला उसंत आहे आणि मनात राग आहे. हा राग जायचा कुठे? आपल्या वाडवडिलांनी त्यासाठी निरनिराळ्या वाटा काढल्या. काही वाटा चांगल्या निघाल्या. एक वाट मात्र वाईट निघाली.

ओढ्याच्या दोन काठांवर

सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुका आहे. त्या तालुक्यात सुखेड आणि बोरी अशी दोन गावे आहेत. मध्ये एक ओढा आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या बाया वाजत-गाजत ओढ्यावर येतात. सुखेडच्या बाया एका काठावर, बोरीच्या बाया दुसऱ्या काठावर. हलगी वाजते. तुतारी वाजते. आणि मग सुरू होतो शिव्यांचा भडिमार! हात नाचवून, पुढे झेपावून, गळा मोकळा करून बाया एकमेकींना शिव्या देतात. याला ‘बोरीचा बार’ म्हणतात.

हे कसे सुरू झाले? तिथले लोक एक गोष्ट सांगतात. एका पाटलाला दोन बायका होत्या. एक या गावात राहायची, दुसरी त्या गावात. दोघी सवती धुणे धुवायला ओढ्यावर यायच्या. तिथे त्यांचे कडाक्याचे भांडण व्हायचे. भांडता भांडता एक दिवस दोघी ओढ्यात बुडून मेल्या. त्यांची आठवण म्हणून हा बार होतो.

गोष्ट खरी असेल, नसेल. पण या सणातली शिस्त बघा. भांडायचे ते तोंडाने. मध्ये ओढा आहे. तो ओलांडून पलीकडच्या बाईला हात लावायचा नाही. कोणी पुढे धावलीच, तर अडवायला माणसे असतात, पोलीसही असतात. थोडा वेळ बार चालतो आणि थांबतो. बाया हसत घरी जातात. आजच्या शिव्या उद्या कोणी मनात ठेवत नाही.

वर्षभर सासरी-माहेरी तोंड मिटून राहायचे. कामाचा गाडा ओढायचा. मनातले बोलायला जागा नाही. अशा बाईला वर्षातून एक दिवस तरी मोठ्याने ओरडायला मिळते. ज्या बाईला रोज मनातले बोलता येते, तिला कदाचित या दिवसाची गरजही लागणार नाही. याचा विचार पुरुषांनी करावा.

तोरणाखाली

आता पोळा. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात श्रावणी अमावस्येला पोळा होतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत आषाढात बेंदूर होतो. सण एकच, बैलाचा.

आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळतात. वर्षभर जू वाहून ते खांदे दुखलेले असतात. सणाच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत. नदीवर नेऊन धुतात. शिंगे रंगवतात. पाठीवर झूल घालतात. नवा कासरा, नवी वेसण घालतात. पुरणपोळीचा घास भरवतात. आता पुष्कळ गावांत ट्रॅक्टर आले. बैल कमी झाले. तरी ज्याच्या दाराशी बैल नाही, तो मातीच्या बैलाची पूजा करतो.

विदर्भात पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवून केलेली चार ओळींची तुकबंदी. एक जण उठतो आणि झडती म्हणतो. दुसरा त्याला उत्तर देतो. त्यात थट्टा असते, टोमणा असतो. सावकाराला टोला असतो, सरकारलाही टोला असतो. ज्याला टोला बसला तोही हसतो. हेसुद्धा भांडणच. पण ते शब्दांचे भांडण आहे. त्यात अक्कल लागते, मनगट नाही.

मात्र याच तोरणाखाली कधी कधी खरे भांडण पेटते. पहिल्यांदा कोणाचा बैल जाणार? मान कोणाचा? त्यावरून दोन भावकी समोरासमोर येतात. आधी शब्द, मग धक्का, मग काठी. ज्या बैलासाठी सण, तो बिचारा बाजूला उभा! ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

रोगाशी भांडण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात चला. त्या दिवशी तिथे तान्हा पोळा असतो. लहान मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. आणि त्याच दिवशी मारबत निघते.

मारबत म्हणजे बाईचा मोठा पुतळा. एक काळी मारबत, एक पिवळी मारबत. काळी मारबत १८८१ सालापासून निघते आणि पिवळी १८८५ सालापासून, असे तिथले लोक सांगतात. काळी मारबत म्हणजे पूतना राक्षशीण, असे कोणी म्हणतात. दोन्ही मारबती शहरातून फिरतात आणि चौकात त्यांची गाठ पडते. ती बघायला लोकांची ही गर्दी उसळते! रोगराई घेऊन जा, खोकला घेऊन जा, संकट घेऊन जा, असे लोक मारबतीला ओरडून सांगतात. मग तिला शहराबाहेर नेऊन जाळतात. विदर्भातल्या खेड्यांतही लोक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत गावाबाहेर घालवतात.

मारबतीबरोबर बडगेही असतात. बडगा म्हणजे पुरुषाचा पुतळा. हे बडगे मोठे मजेचे असतात बरं का! लोकांना ज्याचा जाच होतो, त्याचा बडगा करतात. महागाईचा बडगा, लाचखाऊ कारभाराचा बडगा. त्याच्या गळ्यात पाटी अडकवतात. पाटीवर मनातला राग लिहितात. ज्याला वाचता येते त्याला ती पाटी वाचून हसू येते. तुम्ही नागपुरात गेलात तर आता तुम्हालाही ती वाचता येईल.

इथेही भांडणच आहे. पण ते कोणाशी आहे? शेजाऱ्याशी नाही. शेजारच्या गावाशी नाही. ते रोगाशी आहे, महागाईशी आहे, अन्यायाशी आहे. राग आहेच, पण त्याला योग्य दिशा आहे.

फक्त एक गोष्ट विसरू नका. पुतळा जाळला म्हणजे रोग जळत नाही. मलेरिया आणि डेंग्यू डासांमुळे पसरतात. डास पाण्यात अंडी घालतात. डेंग्यूचा डास तर घरातल्या साठवलेल्या, स्वच्छ पाण्यात वाढतो. रांजणात, टाकीत, फुटक्या डब्यात, जुन्या टायरात. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करावी, घासून कोरडी करावी, मग पुन्हा भरावी. मारबत जरूर मिरवा. पण मिरवणुकीच्या दिवशी गावातली डबकीही बुजवा. मग ती खरी गेली म्हणायची.

नदीतले दगड

आता जे सांगायचे आहे ते सांगताना हात जड होतो.

नागपूरच्या उत्तरेला मध्य प्रदेशात पांढुर्णा नावाचे गाव आहे. २०२३ सालापासून ते जिल्ह्याचे ठिकाण आहे. तिथे पुष्कळ लोक मराठी बोलतात. गावातून जाम नावाची नदी वाहते. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे नागपुरात मारबत निघते त्याच दिवशी, इथे गोटमार होते. गोटा म्हणजे दगड. गोटमार म्हणजे दगडांचा मार.

नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात. त्याला झेंडा बांधतात. मग दोन्ही काठांवरून दगडफेक सुरू होते. दगडांच्या पावसात नदीत शिरायचे, झाडापर्यंत पोचायचे आणि झेंडा काढायचा, हा खेळ. शेवटी तो झेंडा चंडीमातेच्या देवळात नेतात.

यामागेही एक गोष्ट सांगतात. पांढुर्ण्याच्या एका मुलाचे सावरगावच्या मुलीवर मन बसले. तो तिला घेऊन नदी ओलांडू लागला. दोन्हीकडच्या लोकांना ते कळले. त्यांनी काठावरून दगड मारले. नदीच्या मध्यावर दोघेही मेली. मग लोकांना पश्चात्ताप झाला. त्यांनी दोघांना चंडीमातेच्या देवळात नेले. त्यांची आठवण म्हणून ही गोटमार.

थांबा. ही गोष्ट पुन्हा एकदा मनात आणा. दोन कोवळी पोरे दगडांनी मेली. लोकांना वाईट वाटले. आणि त्या दुःखाची आठवण म्हणून लोक पुन्हा दगडच मारतात! ज्या दगडाने पोरे गेली, तो दगड खाली ठेवणे हीच त्यांची खरी आठवण नव्हे काय?

दर वर्षी या खेळात शेकडो माणसे जखमी होतात. कोणाचे डोके फुटते, कोणाचा डोळा जातो, कोणाचा हात मोडतो. आजवर कित्येक माणसे जिवाला मुकली आहेत. आदल्या दिवशी ज्या घरात पुरणपोळी झाली, त्या घरात दुसऱ्या दिवशी रडारड होते. सरकार पोलीस ठेवते, डॉक्टर ठेवते, जखमींना नेण्यासाठी गाड्या ठेवते. एकदा तर दगडांऐवजी रबरी चेंडू आणून दिले. पण चेंडू बाजूला राहिले आणि हात पुन्हा दगडांकडे गेले.

असे का झाले? ‘आमच्या बापजाद्यांपासून चालत आले आहे,’ असे लोक म्हणतात. म्हणणे खोटे नाही. पण बापजाद्यांनी काय काय केले, ते सगळेच आपण आज करतो का? ते देवीच्या रोगाला देवी कोपली म्हणायचे. आपण लस टोचून घेतली. १९७५ नंतर भारतात देवीचा एकही रोगी सापडला नाही. बापजाद्यांचा मान आपण सोडला नाही, पण त्यांची चूक सोडली.

दगडाचे फळ झाले

कोणी म्हणेल, ‘दगडांचा सण दगडांशिवाय कसा होईल? रंगच जाईल त्याचा!’ त्याला आपण गोव्यात घेऊन जाऊ.

गोव्यात मांडवी नदीत दिवाडी नावाचे बेट आहे. तिथे होडीने जावे लागते. होडी म्हणजे मोठी फेरीबोट. तिच्यावर माणसे चढतात, गाड्याही चढतात. या बेटावर ऑगस्ट महिन्याच्या चौथ्या शनिवारी बोंदेरा नावाचा सण होतो. त्याला बोंदेराम असेही म्हणतात.

पूर्वी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. ते १९६१ साली संपले. त्या राज्यात दिवाडीवरच्या दोन वाड्यांत जमिनीच्या हद्दीवरून भांडण असायचे. आपल्याकडे बांधावरून होते तसेच! सरकारने हद्द दाखवायला झेंडे लावले. पोर्तुगीज भाषेत झेंड्याला बांदेइरा म्हणतात. त्यावरून सणाचे नाव पडले. लोकांना ते झेंडे पटले नाहीत. त्यांनी दगड मारून झेंडे पाडले.

म्हणजे इथेही दोन गट होते. इथेही झेंडा होता. इथेही दगड होते. सगळे पांढुर्ण्यासारखे. पण आज दिवाडीवर काय होते? वाड्यावाड्यांतून झेंडे घेऊन लोक येतात. बँड वाजतो. सोंगे निघतात, चित्ररथ निघतात. आणि लढाई होते ती खेळण्यातली. बांबूच्या पोकळ नळीची बंदूक करतात. तिच्यात झाडाची छोटी कच्ची फळे भरतात आणि मागून दांडा ढकलतात. फट् आवाज होतो आणि फळ उडते. ते लागले तर माणूस ‘अगं आई गं!’ म्हणतो आणि हसतो. दवाखान्यात जावे लागत नाही.

दगडाचे फळ झाले. म्हणून सण मेला का? मुळीच नाही. लांबलांबून लोक तो बघायला येतात. हद्दीच्या भांडणाची आठवण राहिली, झेंडा राहिला, लढाईची मजा राहिली. फक्त रक्त गेले.

आता आपल्या गावात या

आपण चार ठिकाणी फिरून आलो. काय दिसले? भांडण सगळीकडे आहे. राग सगळीकडे आहे. पण ओढ्यावर तो तोंडाने बाहेर पडतो. नागपुरात तो रोगावर आणि अन्यायावर जातो. दिवाडीवर तो खेळ होतो. पांढुर्ण्यात मात्र तो अजून दगडच आहे. सण माणसांनी केले आहेत. ते आकाशातून पडले नाहीत. जे माणसांनी केले, ते माणसांना बदलता येते. पण बदल गावाच्या मनाला पटावा लागतो. नुसते वरून चेंडू वाटून तो होत नाही.

पांढुर्ण्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण आपल्या तोरणाखालची काठी आठवते ना? मानाचा बैल कोणाचा, म्हणून निघालेली? काठी आणि दगड यांत फार अंतर नाही.

मग काय करावे? पोळ्याच्या आधी पंधरा दिवस गावाने चावडीवर किंवा देवळात बसावे. भावकीतल्या म्हाताऱ्यांना बोलवावे, तरुणांना बोलवावे, बायांनाही बोलवावे. मानाची पाळी लावावी. या वर्षी या घराचा बैल पुढे, पुढच्या वर्षी त्या घराचा. पाळी ठरत नसेल तर चिठ्ठ्या टाकाव्या आणि लहान पोराकडून एक उचलून घ्यावी. किंवा गावाने असे ठरवावे की ज्याचा बैल उत्तम राखलेला, ज्याच्या खांद्यावर जखम नाही, त्याला पहिला मान. मग मान माणसाचा राहणार नाही, बैलाचा होईल. सण त्याचाच आहे!

आणि ठरेल ते कागदावर लिहावे. हे फार महत्त्वाचे. तोंडी ठरलेले पुढच्या वर्षी कोणाला आठवत नाही. ‘असे ठरलेच नव्हते,’ असे एक जण म्हणतो आणि पुन्हा काठी निघते. म्हणून वर्ष लिहा. घराचे नाव लिहा. सर्वांच्या सह्या घ्या. कागद चावडीवर लावा.

पूर्वी ‘आम्हाला कुठे लिहिता येते?’ असे आपण म्हणत होतो. कोणी लिहून आणले तर अंगठा उठवत होतो. कागदावर काय आहे ते कळत नव्हते, म्हणून संशय येत होता. संशयातून भांडण होत होते. आता तुम्ही हा धडा वाचत आहात. म्हणजे तो कागदही तुम्हाला वाचता येईल. त्यावर सहीही करता येईल. तोरणाखाली आवाज चढू लागला, तर काठी घ्यायला घरी पळू नका. चावडीवर जा, कागद काढा आणि मोठ्याने वाचून दाखवा.

विचार करा आणि सांगा

१. बोरीच्या बारात कोणती शिस्त पाळतात?
२. मारबत जाळल्यावर डास जातात का? डास जाण्यासाठी काय करावे?
३. पांढुर्ण्याच्या आणि दिवाडीच्या सणांत सारखे काय आहे? वेगळे काय आहे?
४. तुमच्या गावात मानावरून भांडण कधी होते? ते कसे मिटवाल?
५. पोळ्याच्या मानाची पाळी दाखवणारा कागद तयार करा. त्यावर पुढच्या पाच वर्षांची पाळी लिहा. वर्गात वाचून दाखवा.